कायोत्सर्ग : विंध्यगिरीच्या शिखरापासून घरच्या ओसरीपर्यंत

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी ‘आपल्या आचारातील एखाद्या अंगाचा इतिहास लिहून द्या’, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. मी पंडित नव्हे, शास्त्री नव्हे. बी.कॉम. झाल्यावर वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. परंतु एक विषय असा आहे की जो गेली काही वर्षे माझ्या मनाचा पाठपुरावा करीत आहे. तो म्हणजे कायोत्सर्ग. उभे राहून, देहावरचे ममत्व सोडून, श्वासाच्या मापाने केलेले ध्यान. याविषयी जे वाचले आणि जे घरात पाहिले, ते समाजबांधवांसमोर नम्रपणे ठेवीत आहे.

‘काय’ म्हणजे शरीर आणि ‘उत्सर्ग’ म्हणजे त्याग. शरीर असतानाच शरीराचा त्याग कसा करावयाचा, असा प्रश्न सामान्य माणसाला पडतो. आचार्यांनी त्याचे उत्तर सोपे करून दिले आहे. ठरलेल्या काळापुरती देहाची हालचाल थांबवावी आणि ‘हा देह माझा’ ही भावना बाजूस ठेवावी. तत्त्वार्थसूत्रात अंतरंग तपाचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांतील व्युत्सर्ग तो हाच. श्रावक आणि साधू यांच्या षडावश्यकांतही कायोत्सर्गाला स्थान आहे. श्वेतांबर परंपरा त्याला पाचवे आवश्यक मानते आणि मूलाचाराच्या क्रमात ते सहावे येते. क्रमात भेद आहे, आशयात नाही.

उभ्या मूर्तींची परंपरा

जगातील बहुतेक ध्यानपरंपरांत ध्यानस्थ पुरुष बसलेला दिसतो. जैन शिल्पाने मात्र बसलेल्या मूर्तीबरोबरच उभी मूर्ती तितक्याच निष्ठेने घडविली. चोवीस तीर्थंकरांपैकी ऋषभदेव, नेमिनाथ आणि महावीर हे तिघे पद्मासनातून मोक्षाला गेले व उरलेले २१ कायोत्सर्ग मुद्रेतून गेले, अशी परंपरेची धारणा आहे. तेव्हा शिल्पकारांनी खड्गासन मूर्ती इतक्या मोठ्या संख्येने घडविल्या, यात नवल नाही.

या मुद्रेचा प्रारंभ किती मागे जातो? १९३२ साली पुरातत्त्वज्ञ रामप्रसाद चंदा यांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकात सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील उभ्या आकृतींचे कायोत्सर्गाशी असलेले साम्य दाखविले होते. ती लिपी अद्याप निर्विवादपणे वाचली गेलेली नाही. म्हणून हे साम्य म्हणजे पुरावा, असे म्हणण्याची घाई आपण करू नये. त्याहून भक्कम पुरावा पाटण्याजवळच्या लोहानीपूर येथे १९३७ साली मिळाला. मस्तक नसलेली, दिगंबर, दोन्ही बाजूंस हात सोडून उभी असलेली आणि मौर्यकालीन शिल्पाप्रमाणे चकाकी असलेली ही मूर्ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील मानली जाते. तिच्या काळाविषयी काही अभ्यासकांचे मतभेद असले, तरी ती जिनमूर्ती असल्याचे बहुतेकांना मान्य आहे. पुढे मथुरेच्या कंकाली टिळ्यावर कुशाणकालीन उभ्या जिनमूर्ती विपुल सापडल्या. त्यांत एका स्तंभाच्या चार बाजूंना चार जिन उभे असलेल्या ‘सर्वतोभद्र’ प्रतिमाही आहेत. सहाव्या शतकापर्यंत तर ही मुद्रा जैनेतरांनाही परिचित झाली होती. वराहमिहिराने बृहत्संहितेत अर्हतांच्या मूर्तीचे लक्षण सांगताना गुडघ्यांपर्यंत पोचणारे बाहू, श्रीवत्सचिन्ह, प्रशांत भाव आणि दिगंबरत्व यांचा उल्लेख केला आहे.

दक्षिणेत बदामी आणि ऐहोळे येथील लेण्यांत पार्श्वनाथ आणि बाहुबली या दोघांची शिल्पे जोडीने येतात. आपल्या महाराष्ट्रात वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांत, विशेषतः इंद्रसभेत, हीच जोडी समोरासमोरच्या भिंतींवर दिसते. पार्श्वनाथांवर कमठाने मांडलेला भयंकर उपसर्ग एका बाजूस, वेलींनी वेढलेले बाहुबली दुसऱ्या बाजूस. एकाची परीक्षा बाहेरून झाली, दुसऱ्याची आतून. उभे मात्र दोघेही सारख्याच स्थिरतेने. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष यांच्या काळात होऊन गेलेल्या आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात ऋषभदेवांच्या सहा महिन्यांच्या आणि बाहुबलींच्या एक वर्षाच्या प्रतिमायोगाचे वर्णन केले आहे. वेरूळच्या या लेण्यांचा कालखंडही त्याच्या आगेमागेचाच आहे.

या परंपरेचा मुकुटमणी म्हणजे श्रवणबेळगोळ. गंग राजांचे मंत्री व सेनापती चावुंडराय यांनी इ. स. ९८१ च्या सुमारास विंध्यगिरीवर सुमारे ५७ फूट उंचीची अखंड पाषाणाची मूर्ती करविली. आपणा मराठी माणसांना तिचे आणखी एक अप्रूप आहे. मूर्तीच्या पायांशी, बाजूच्या वारुळाच्या शिळेवर, ‘हे चावुंडरायाने करविले’ अशा अर्थाची ओळ मराठी भाषेत कोरलेली आहे. तिच्यासोबत, भोवतीचे आवार गंगराजाने करविल्याची ओळही आहे. गंगराज बाराव्या शतकातला, होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. त्यामुळे या ओळी नेमक्या केव्हा कोरल्या गेल्या आणि मराठीतील आद्य शिलालेखाचा मान अक्षीच्या लेखाला द्यावा की या लेखाला, याची चर्चा विद्वानांत चालू असते. मान कोणाचाही असो. आपली मायबोली दगडावर अगदी प्रारंभी जेथे उमटली, त्या मोजक्या ठिकाणांपैकी एक म्हणजे कायोत्सर्गात उभ्या असलेल्या पुरुषाचे पाऊल आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे १४३२ साली कारकळ, १६०४ साली वेणूर, विसाव्या शतकात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज-बाहुबली आणि २०१६ साली नाशिक जिल्ह्यातील मांगीतुंगी येथील १०८ फुटी ऋषभदेव, अशी ही मालिका चालूच राहिली.

१९८१ साली सहस्राब्दी महामस्तकाभिषेकाच्या वेळी मी आई-वडिलांबरोबर श्रवणबेळगोळला गेलो होतो. वय विशीचे. मी मूर्तीच्या मुखाकडे मान उंच करून पाहत होतो. आमच्या मातोश्री मात्र बराच वेळ चरणांकडेच पाहत होत्या. उतरताना म्हणाल्या, “अरे, पावलांत चार बोटांचं अंतर आहे बघ. आपण घरी ठेवतो तेवढंच.” त्या वेळी मी ते हसण्यावारी नेले. मूर्ती एवढी अवाढव्य, तिच्या पावलांतील अंतर चार बोटे कसे असेल? आईला काय म्हणावयाचे होते, ते कळण्यास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली. मूर्तीचे प्रमाण आणि घरातल्या बाईने ओसरीवर धरलेले प्रमाण एकच आहे, एवढेच ती सांगत होती.

शिखरावरून घरात

मूर्तींचा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. घरातल्या कायोत्सर्गाचा इतिहास कोणी लिहीत नाही. कारण त्याचे शिल्प होत नाही. परंतु ग्रंथांत त्याच्या खुणा आहेत.

आवश्यकनिर्युक्तीने कायोत्सर्गाचे दोन भेद केले आहेत. एक अभिभव कायोत्सर्ग. उपसर्गावर, भयावर, कषायावर विजय मिळविण्यासाठी तो केला जातो. त्याची कमाल मर्यादा एक वर्ष. बाहुबली हे त्याचे उदाहरण. गजसुकुमाल मुनींनी स्मशानात मस्तकावर निखारे साहिले, तोही याच जातीचा. दुसरा चेष्टा कायोत्सर्ग. ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल. येता-जाता, चालता-बोलता जी सूक्ष्म जीवहिंसा आणि जे दोष घडतात, त्यांच्या शुद्धीसाठी घटकाभर थांबणे. पहिला वीरांचा, दुसरा तुम्हा-आम्हांचा. घराघरांत जो टिकला तो हा दुसरा.

गृहस्थांच्या कथाही आहेत. चंपानगरीचा सुदर्शन शेठ हा व्यापारीच होता. पर्वतिथीच्या रात्री तो स्मशानात प्रतिमायोग धारण करीत असे. राणीच्या दासीने त्याला त्याच अवस्थेत उचलून राजवाड्यात नेले. मोह, आरोप, मृत्युदंड हे सारे त्याच्यावर कोसळले आणि तो ढळला नाही. श्वेतांबर परंपरेतील कथा आणखी पुढे जाऊन सांगते की, पतीवर आलेले संकट ऐकताच त्याची पत्नी मनोरमा हिने घरातच जिनपूजा करून कायोत्सर्ग धरला. राजा चंद्रावतंसकाची कथाही घरातलीच. समोरचा दिवा तेवत आहे तोवर हलणार नाही, असा नियम करून तो महालात उभा राहिला. महाराजांना अंधार होऊ नये म्हणून दासी प्रेमाने प्रहराप्रहराला तेल घालीत राहिली. राजा नियमाला जागला. पहाटे त्याचा देह पडला. लहानपणी ही कथा ऐकताना राजाचे कौतुक वाटे. आता त्या दासीचीही आठवण येते. तिचा भाव निर्मळ होता, परंतु राजाचा नियम काय आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्र लिहिले ते राजा कुमारपालाच्या विनंतीवरून, म्हणजे एका गृहस्थासाठी. त्याआधी कितीतरी शतके समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सामायिकाचे स्वरूप सांगितले होते. त्यात बारा आवर्त आणि चार प्रणाम यांसह उभ्याने व बसून करावयाची क्रिया आहे.

मंद हालचाल आणि स्थिरता

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या विधीत नुसते खांबासारखे उभे राहणे नाही. हालचाल आणि स्थैर्य यांची त्यात एकाआड एक गुंफण आहे. आमच्याकडे सामायिकाच्या प्रारंभी पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड करून उभे राहतात, नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणतात, जोडलेले हात तीन वेळा गोलाकार फिरवितात आणि मस्तक लववितात. मग उजवीकडे वळून पुढील दिशेस तेच. चार दिशांना मिळून आवर्त बारा, शिरोनती चार. श्वेतांबर बांधवांच्या द्वादशावर्त वंदनातही बारा आवर्त आहेत, आणि खमासमणात गुडघे, हात व मस्तक ही पाच अंगे भूमीला टेकवून पुन्हा उभे राहणे आहे. यांतील कोणतीही हालचाल झटक्याची नाही. कोठे पाय पडतो, हे पाहत वळावयाचे, जागा पुंजून टेकावयाचे.

भगवान महावीरांच्या साधनाकाळातील भद्रप्रतिमेचे वर्णन आवश्यक साहित्यात येते. चार दिशांपैकी प्रत्येक दिशेस चार-चार प्रहर उभे राहून ध्यान, असे तिचे स्वरूप. मथुरेच्या चौमुख प्रतिमेसमोर उभे राहावे, की ही भद्रप्रतिमा वाचावी, की घरातल्या आजीला चार दिशांना वळताना पाहावे, मला तरी एकाच सुताचे धागे हाती लागतात.

हालचालीनंतर थांबण्याचा नियमही असाच सुंदर आहे. बाहेरून चालून आल्यावर ईर्यापथाच्या शुद्धीसाठी कायोत्सर्ग करावा, त्याचे माप २५ उच्छ्वास. हे माप मूलाचारातही आहे आणि आवश्यकनिर्युक्तीतही. दोन आम्नायांत पुष्कळ बाबतींत मतांतरे आहेत. पण ‘चालून आलास, आता पंचवीस श्वास उभा राहा’, याविषयी दोघांचे एकमत आहे.

श्वासाचा गज

आता मी माझ्या धंद्याच्या विषयाकडे, म्हणजे मोजमापाकडे वळतो. कापड गजाने मोजतात, आता मीटरने. कायोत्सर्ग उच्छ्वासाने मोजतात. मंत्राचा किंवा गाथेचा ठराविक भाग मनात म्हणावयास जो काळ लागतो, तो एक उच्छ्वास.

दिगंबर परंपरेत एक णमोकार मंत्र तीन श्वासांत म्हणतात. म्हणून ९ मंत्रांचे २७ उच्छ्वास. दिवसाच्या प्रतिक्रमणात १०८ उच्छ्वास, म्हणजे ३६ मंत्र. रात्रीच्या प्रतिक्रमणात त्याच्या निम्मे, ५४ उच्छ्वास, म्हणजे १८ मंत्र. पाक्षिकाचे ३००, चातुर्मासिकाचे ४०० आणि सांवत्सरिकाचे ५०० असे मूलाचाराचे माप आहे.

श्वेतांबर परंपरेत गाथेचा एक चरण म्हणजे एक उच्छ्वास. लोगस्स सूत्राच्या गाथा सात. कायोत्सर्गात सातव्या गाथेच्या पहिल्या चरणापर्यंतच म्हणावयाचे. सहा गाथांचे चरण २४, अधिक १, असे २५. दिवसाच्या प्रतिक्रमणात चार लोगस्स, म्हणजे १००; रात्रीचे दोन, म्हणजे ५०; पाक्षिकाचे बारा, म्हणजे ३००; चातुर्मासिकाचे वीस, म्हणजे ५००. सांवत्सरिकाचे ४० लोगस्स आणि वर एक नवकार. चाळीसांचे हजार, नवकाराचे आठ, एकूण १००८. रोजमेळ मिळाल्यावर व्यापाऱ्याला जे समाधान लाभते, ते मला हा हिशेब प्रथम पडताळून पाहिला तेव्हा लाभले. कोठे एक पैचा फरक नाही!

या मापाचा व्यावहारिक लाभ पाहा. घड्याळ नको, घटिकापात्र नको, दिवा नको. चंद्रावतंसकाच्या दिव्यात दुसरा कोणी तेल घालू शकतो. आपल्या श्वासाचा गज आपल्याच जवळ असतो. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर २७ उच्छ्वासांना दोन मिनिटांच्या आतच वेळ लागतो आणि १०८ ना सात मिनिटांच्या आसपास. मन शांत होईल तसा श्वास लांबतो आणि तेच माप दहा-पंधरा मिनिटांचे होते. शेतकरी, दुकानदार, घरातील स्त्री, कोणालाही परवडावे असे हे माप आहे. हे व्रत शतकानुशतके घरात टिकले, त्याचे एक कारण हे लहान, निश्चित आणि फुकट मिळणारे माप असावे, असे मला वाटते.

सूट आणि दोष

आचार्यांचे मनुष्यस्वभावाचे ज्ञान दोन याद्यांत दिसते. पहिली यादी सवलतींची. श्वेतांबर विधीत कायोत्सर्गापूर्वी जे सूत्र म्हणतात त्यात बारा आगार, म्हणजे सवलती, सांगितल्या आहेत. श्वास घेणे, सोडणे, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, अधोवायू, चक्कर, पित्ताची मूर्च्छा, अंगाची सूक्ष्म हालचाल, कफाची सूक्ष्म हालचाल, दृष्टीची सूक्ष्म हालचाल. यांमुळे कायोत्सर्ग भंगत नाही. देहाचा त्याग करावयास निघालेल्या माणसाला त्याच्या देहाच्या मर्यादा आधीच मान्य करून देणारे हे केवढे औदार्य! चक्कर आली तर तिलाही सूट आहे. म्हणजे वयस्कांनी हट्टाने उभे राहून पडावे, अशी शास्त्राची अपेक्षा कधीच नव्हती.

दुसरी यादी दोषांची. मूलाचारात ते ३२ आहेत, अन्यत्र संख्या निराळी आहे. घोड्यासारखा एक पाय उचलून धरणे हा घोटक दोष. वेलीसारखे डुलणे, लतादोष. खांबाला किंवा भिंतीला टेकणे, स्तंभ आणि कुड्य. कावळ्यासारखी नजर भिरभिरविणे, वायस. कवठ धरावे तशी मूठ आवळणे, कपित्थ. दारू प्यायल्यासारखे झुलणे, डोके हलविणे, भुवया नाचविणे, बोटांवर मोजणे, हेही दोषच. ज्याने ही यादी केली त्याने उभ्या माणसांचे निरीक्षण किती बारकाईने केले असेल! माझ्या दुकानात दिवसभर उभी असलेली माणसे मी पाहतो आणि मीही गजापाशी उभाच असतो. घोटक, कुड्य आणि वायस हे तिन्ही दोष आमच्या काउंटरवर रोज घडतात. आणि बोटांवर मोजण्याच्या दोषातून तर कोणताच व्यापारी सुटणार नाही.

बसलेला, तरी उभा

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावयास घेतला, ते सांगतो.

आमच्या मातोश्रींचा सायंकाळच्या प्रतिक्रमणाचा नेम सुमारे साठ वर्षांचा. ओसरीवर, खुंटीखालच्या एका फरशीवर त्या उभ्या राहत. पावलांत चार बोटे अंतर, हात सोडलेले, दृष्टी नासिकाग्री. छत्तीस णमोकार होईपर्यंत घरातील कोणी त्यांना हाक मारीत नसे. वयाच्या ऐंशीनंतर गुडघे गेले. एकदा तोल जाऊन पडल्या. पुढे उभे राहणे डॉक्टरांनी बंद केले. खुर्चीत बसून त्या बाकीचे सारे पाठ म्हणत. कायोत्सर्ग आला की थांबत आणि तो वगळून पुढे जात. “बसून केलेला काउसग्ग चालत नाही,” असे त्यांच्या मनाने घेतले होते. शेवटची चार वर्षे रोज संध्याकाळी त्या एकच वाक्य म्हणत, “माझं एक आवश्यक राहून गेलं.” आम्ही मुले ‘आई, चालतं गं’ म्हणत असू. पण कशाच्या आधारावर, ते आम्हांला ठाऊक नव्हते. आणि आधाराविना केलेले समाधान तिच्यासारख्या निष्ठावंत बाईला कसे पटावे?

तिच्या निधनानंतर वर्षभराने आपल्या ट्रस्टच्या ग्रंथालयाची फेरमांडणी करण्याचे काम माझ्याकडे आले. कपाटातील मूलाचार सहज उघडला. षडावश्यक अधिकारात कायोत्सर्गाचे चार प्रकार दिले आहेत. उत्थितोत्थित : देह उभा आणि धर्म-शुक्ल ध्यानात मनही उभे. उत्थितनिविष्ट : देह उभा, परंतु आर्त-रौद्र ध्यानात मन बसलेले. उपविष्टोत्थित : देह बसलेला, पण मन उभे. उपविष्टनिविष्ट : देहही बसलेला, मनही बसलेले. पुढे शोध घेतला तेव्हा आवश्यकनिर्युक्तीत उभा, बसलेला आणि पहुडलेला अशा तिन्ही स्थितींचे मिळून नऊ भेद आढळले. हेमचंद्राचार्यांनी तर योगशास्त्रात कायोत्सर्गाची व्याख्याच अशी केली आहे की, उभ्याने असो वा बसून, हात सोडून देहाची अपेक्षा न ठेवता स्थिर राहणे.

मी तेथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. आमच्या घरापासून ते कपाट दोनशे पावलांवर आहे. ज्या उत्तरासाठी आईने चार वर्षे रोज मन कष्टी केले, ते त्या कपाटात होते. त्या दिवशी हेही कळले की, दुकानात दहा तास उभा राहणारा मी बहुधा उत्थितनिविष्ट होतो आणि खुर्चीतली आई उपविष्टोत्थित. फक्त तिला तसे सांगणारे कोणी नव्हते. दासीला राजाचा नियम कोणी सांगितला नाही, आणि आईला शास्त्राची सवलत कोणी सांगितली नाही.

आजचा काळ

गेल्या शतकात या साधनेला पुन्हा उजाळा देण्याचे प्रयत्न झाले. आपल्या दक्षिण भागात चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी लुप्तप्राय झालेल्या दिगंबर मुनिचर्येला नवजीवन दिले. १९५५ साली त्यांनी कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. कुलभूषण आणि देशभूषण मुनींनी ध्यानात उपसर्ग सोसून जेथून मोक्ष मिळविला, ते हेच क्षेत्र. तेरापंथात आचार्य तुलसी यांच्या मार्गदर्शनाखाली पुढे आचार्य झालेले महाप्रज्ञ यांनी १९७५ साली जयपूर येथे प्रेक्षाध्यान ही पद्धती मांडली. तिच्यात कायोत्सर्ग हे प्रवेशद्वारच आहे. उभ्याने, बसून वा पहुडून एकेक अवयव शिथिल करीत जाण्याची ही रीत जैनेतरांतही पोचली.

आज शहरांतून ताण कमी करण्यासाठी उभ्याने ध्यान आणि मंद हालचालींचे वर्ग भरतात, शुल्क भरून आपलीच मुले तेथे जातात. त्यांत वाईट काहीच नाही. आवश्यकनिर्युक्तीनेही कायोत्सर्गाचे लाभ सांगताना प्रथम देहाचे जाड्य जाते आणि मग बुद्धीचे जाड्य जाते, असेच म्हटले आहे. सुखदुःख सोसण्याची शक्ती, अनुप्रेक्षा आणि ध्यान हे त्यापुढचे. खंत एवढीच की, घरच्या ओसरीवर जे विनामूल्य होते त्याचे नाव मुलांच्या कानावर पडलेले नसते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. मोठ्या टाइपात एक पानी पत्रक छापून प्रत्येक घरी द्यावे. त्यावर उभे राहण्याची रीत असावी : पायांखाली सपाट जागा, पावलांत चार बोटे अंतर, हात सैल, हनुवटी किंचित खाली, २७ उच्छ्वास. दोन्ही आम्नायांची मापे असावीत. बारा सवलती असाव्यात. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत, ज्यांना उभे राहवत नाही त्यांनी बसून, ज्यांना बसवत नाही त्यांनी पहुडून कायोत्सर्ग करावा, तो पूर्ण आहे, हे त्या ग्रंथांच्या नावांसह लिहावे. पत्रकाचा छपाईखर्च मातोश्रींच्या स्मरणार्थ देण्याची परवानगी ट्रस्टने मला द्यावी.

उत्तराध्ययन सूत्राच्या एकोणतिसाव्या अध्ययनात कायोत्सर्गाचे फळ सांगताना ओझे उतरवून ठेवलेल्या भारवाहकाची उपमा दिली आहे. आमच्या बाजारपेठेत पाठीवरचा कापडाचा गठ्ठा खाली ठेवून क्षणभर ताठ उभा राहणारा हमाल मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे येते, ते मी आईच्या चेहऱ्यावर ओसरीवर छत्तिसावा मंत्र संपताना पाहत असे. अलीकडे माझेही गुडघे कुरकुरू लागले आहेत. दुकान वाढवून घरी आलो की मी त्याच फरशीवर उभा राहतो. ज्या दिवशी उभे राहवणार नाही, त्या दिवशी तेथेच खुर्ची मांडीन.

अल्पमतीने केलेल्या या लेखनात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडं.

जय जिनेंद्र.